दाजीबा गवा पॅरिस बघून आला

एका जंगलात एक गवा होता आणि त्याला कुणीतरी "हिंमत असेल तर" असं म्हणालं.

पोरांनो, गोष्ट खरं तर इथंच संपायला हवी होती. शहाण्यानं "नाही बाबा हिंमत" म्हणावं, पाणी प्यावं आणि घरी जावं. पण हा पडला गवा. वजन हजार किलो, त्यात मेंदू पावशेर.

त्याचं नाव दाजीबा. "हिंमत असेल तर" म्हणणारा झिपरू खोकड. खोकड म्हणजे कोल्ह्याचा चुलतभाऊच समजा. अंगानं निम्मा, तोंडानं दुप्पट.

झालं असं, की जंगलाच्या पंचायतीनं ठरवलं, कुणीतरी पॅरिसला जाऊन यावं. आपलं जंगल तसं कसं करता येईल ते बघून यावं. ह्याला अभ्यास दौरा म्हणतात. शाळेत ज्यांनी अभ्यास केला नाही ते मोठेपणी अभ्यास दौऱ्यावर जातात. दाजीबाचं नाव निघालं, कारण पंचायतीत सगळ्यात जास्त जागा तोच अडवायचा.

तर पाणवठ्यावर झिपरू म्हणाला, "काय दाजीबा, विमान तुला विमानतळावर सोडणार. तिथनं शहरात कसा जाणार?"

"जाईन की चालत."

"लांब असतंय म्हणे. रस्ता विचारावा लागेल."

"मी? मी रस्ता विचारू?"

आता ह्या जंगलात रस्ता विचारणं हा सगळ्यांचा आवडता उद्योग होता. एकाला विचारलं की चौघं जमायची. पहिला म्हणायचा डावीकडं. दुसरा म्हणायचा, ह्याला काय कळतंय, उजवीकडं. तिसरा तुम्ही कुणाचे कोण ते विचारायचा. आणि चौथा थेट दारापर्यंत सोडायला यायचा आणि जेवूनच जायचा. त्यामुळं जंगलात वेळेवर कुणी पोचत नव्हतं, पण हरवतही कुणी नव्हतं.

फक्त गवे विचारत नसत. विचारलं की शिंगं लहान दिसतात, असं गव्यांचं म्हणणं.

"मग हिंमत असेल तर," झिपरू म्हणाला, "कुणाला एक शब्द न विचारता शहरात जाऊन दाखव. विचारलंस तर पोळ्याच्या बैलासारखे शिंगांना गोंडे आणि पाठीवर झूल. जंगलभर मिरवणूक. पुढं हलगी माझी."

माकडं फांदीवरनं पडली हसून. रानातल्या गव्याला बैल म्हणणं म्हणजे काय, हे तुम्हाला गवा झाल्याशिवाय कळणार नाही.

"लागली पैज!" दाजीबा गरजला.

त्याची म्हातारी आई, गिरजाक्का, शेजारीच पाणी पीत होती. ती म्हणाली, "दाजू, देवानं तोंड दिलंय ते काय नुसतं चरायला? विचारावं रे कुणाला तरी."

"आई, तू गप."

विमानात गवा कसा बसला ते विचारू नका. बसला. तीन सीटा लागल्या आणि त्यांच्यामधले हात टेकायचे दोन दांडे काढावे लागले.

पॅरिसच्या विमानतळावर दाजीबा उतरला तर समोर शंभर पाट्या आणि शंभर बाण. एक बाण सरळ वर होता. दाजीबानं वर बघितलं. वर छप्पर होतं. बाणाचा अर्थ 'सरळ पुढं जा' असा होता, पण दाजीबा बराच वेळ छपराकडं बघत उभा राहिला.

तेवढ्यात एक छोटी गाडी आली. ड्रायव्हर नाही, कंडक्टर नाही, तिकीट नाही. दाजीबा खूश. बसला. गाडी टोकाला गेली आणि उलटी फिरून परत आली. परत गेली, परत आली. ती गाडी विमानतळाच्या आतल्या आतच फिरायची, ह्या इमारतीतनं त्या इमारतीत. फुकटची गाडी कधी शहरात नेते का? पण हे दाजीबाला कोण सांगणार? न विचारता कोण सांगतं?

सांगणारी होती एक. दुपारी त्याच्या अकराव्या फेरीला निळ्या गणवेशातली एक बदकबाई जवळ आली. चुकलेल्यांना वाट दाखवायची, हीच तिची नोकरी.

"साहेब," ती म्हणाली, "सकाळपासनं बघतेय तुम्हाला. शहरात जायचंय ना? सोपं आहे, ऐका—"

दाजीबाच्या डोळ्यापुढं गोंडे आले. ऐकलं म्हणजे विचारल्यासारखंच की! तो मान ताठ करून म्हणाला, "बाई, मी शहरातच आहे."

बदकबाईनं त्याला शेपटापासनं शिंगापर्यंत बघितलं.

"असं होय," ती म्हणाली. "मग राहा सुखानं."

एका पाटीवर मोठ्या अक्षरात पॅरिस लिहिलं होतं आणि बाण बाहेरच्या दिशेला होता. दाजीबाच्या मनात आलं, पॅरिस जर तिकडं, तर मग हे काय? त्यानं तो विचार पोटात ढकलला. पण गवा रवंथ करणारा प्राणी. ढकललेला विचार घटकेनं परत तोंडात यायचा. तो चावायचा आणि परत गिळायचा. असे आठ दिवस काढले. खुर्च्यांवर झोपला, पावात घातलेला पाला खाल्ला आणि घरी आला.

जंगलात हार, ढोल, मांडव. मधोमध वाघमहाराज.

"रस्ता विचारलास?" झिपरूनं पहिलाच सवाल टाकला.

"एक शब्द नाही."

हे खरं होतं. पोरांनो, मोठ्या थापेची सुरुवात नेहमी खऱ्यानंच करावी.

"तो मोठा मनोरा बघितलास?" माकडांनी विचारलं.

"बघितला की. वर काचेची खोली आहे. आत बसून विमानं हाकतात."

"आणि नदी?"

"नदी काळी. रबरासारखी. गोल गोल फिरते. तिच्यातनं बॅगा वाहत येतात. लोक काठावर उभे राहून आपापली ओळखतात आणि उचलतात."

"अगं बाई! आणि आंघोळी?"

"कुणीच करताना दिसलं नाही."

"लोक कसे आहेत?" वाघमहाराजांनी विचारलं.

आता दाजीबाला चढली होती. "काय सांगू महाराज! घरदार कुणाला नाही, खुर्चीत झोपतात. प्रत्येकाकडं ओढायची बॅग. बॅगेशिवाय माणूस दिसायचा नाही. आणि शिस्त! भसाभसा पाणी पिणं नाही. एवढीशी बाटली, शंभर मिली. जास्त सापडलं की काढून डब्यात फेकतात."

वाघमहाराजांनी डोळे मिटले.

"म्हणून ते पुढं गेले," ते म्हणाले. "आणि आपण पोटभर पाणी पिऊन मागं राहिलो."

झालं. दुसऱ्या दिवसापासनं जंगलाचं पॅरिस सुरू.

पाणवठ्याला कुंपण पडलं. दारात दोन अस्वलं, ती सगळ्यांना चाचपायची. साळिंदराला रोज काटे काढून टोपलीत ठेवावे लागायचे आणि परत घालताना एखादा उलटा जायचा. कासवाला म्हणाले पाठ काढ. ते बिचारं अजून काढतंय. माचावर पोपट बसवला. तो ओरडायचा, "कृपया लक्ष द्या, हत्तींचं पाणी दोन तास उशिरानं येत आहे!"

बॅग नाही त्याला पाणी नाही. बॅगा कुणाकडं होत्या? सगळ्यांनी वेलीला दगड बांधून ओढायला घेतले. आणि पाणी प्रत्येकी शंभर मिली. हत्तीला शंभर मिली. मुंगीलाही शंभर मिली, कारण समता. मुंगी बुडाली.

दाजीबा मुख्य सल्लागार झाला. सल्लागाराला रांग नसते. तो मागच्या दारानं जायचा आणि पोट टम्म होईपर्यंत प्यायचा.

मग वैशाख आला. पानं करपली. नाले आटले. राहिला तो एकच पाणवठा, कुंपणातला.

एका दुपारी दाजीबा ढेकर देत बाहेर आला तर रांगेत गिरजाक्का. गळ्यात वेल, वेलीला भलामोठा दगड. जीभ बाहेर.

"आई! तू रांगेत कशाला? चल मागनं."

"मागनं?" म्हातारी म्हणाली. "लेकानं आणलेली शिस्त आईनंच मोडायची होय? लोक तोंडात शेण घालतील."

"अगं पण शंभर मिलीत तुझं काय होणार?"

"तिकडच्या म्हाताऱ्या भागवतात ना तेवढ्यात?"

दाजीबा शेपटीनं नसलेल्या माश्या हाकलायला लागला.

"दाजू, तू डोळ्यानं बघून आलायस. भागवतात ना रे?"

"भागवतात," दाजीबा म्हणाला.

"मग मी पण भागवीन," म्हातारी म्हणाली. दगड ओढत एक पाऊल पुढं गेली आणि तिचे पुढचे गुडघे दुमडले. ती धाडकन खाली बसली.

"कृपया लक्ष द्या," पोपट ओरडला, "रांगेत बसायला मनाई आहे!"

तेवढ्यात तो जुना विचार दाजीबाच्या तोंडात परत आला. ह्या खेपेला काही केल्या गिळेना.

दाजीबानं शिंगं खाली घातली आणि कुंपणात घुसला. दार गेलं, माच गेला, पोपट उडाला, अस्वलं पळाली. दाजीबानं आईला ढुशी देत देत काठापर्यंत नेलं. म्हातारीनं डोळ्यापर्यंत तोंड पाण्यात घातलं. मागनं सगळं जंगल दगडांसकट आत शिरलं.

वाघमहाराज डरकाळी फोडत आले. "कुणी मोडलं आमचं पॅरिस?"

सगळ्यांनी सवयीनं झिपरूकडं बघितलं.

"आईशप्पत, मी नाही!" झिपरू म्हणाला. जन्मात पहिल्यांदा तो खरं बोलत होता, त्यामुळं कुणालाच पटेना. महाराजांनी पंजा उगारला.

"मी मोडलं," दाजीबा म्हणाला. "त्याला सोडा. कुंपण मी मोडलं. आणि पॅरिस मी बघितलंच नाही."

पाणी पिणारे सगळे थांबले. फक्त गिरजाक्का पीत राहिली.

"मग आठ दिवस होतास कुठं?"

"विमानतळावर. आतल्या गाडीत. इकडनं तिकडं, तिकडनं इकडं. नदी नव्हती ती, बॅगांचा पट्टा होता. लोकांची विमानं चुकलेली, म्हणून ते खुर्चीत झोपलेले. आणि पाणी फेकून ते आत जायचे अन् आतल्या नळाला पोटभर प्यायचे. मी पण प्यालो."

"अरे, मग रस्ता विचारायचास की कुणाला तरी!"

"विचारायची गरजच नव्हती, महाराज," दाजीबा मान खाली घालून म्हणाला. "एक बाई आपणहून सांगायला आली होती. मीच सांगू दिला नाही."

तात्पर्य: रस्ता कधी कुणाला विचारू नये. विचारणारा नुसताच गावात पोचतो. न विचारणारा मुख्य सल्लागार होतो.