कर्नलकडचे परशरामआप्पा

आमच्या गल्लीत कुणाचं काहीही बिघडलं, की परशरामआप्पा एकच विचारतात, "शेवटचं बरं कवा होतं?"

गेल्या श्रावणात माझं पोट बिघडलं. शनिवारी दुखायला लागलं, असं मी सांगितलं. मागच्या रविवारी बरा होतास न्हवं, मग मधला दिवस धरूया, म्हणाले. मधला दिवस बुधवार. बुधवारी मी ठणठणीत होतो. म्हणजे दोष बुधवार आणि शनिवारच्या मध्ये. त्याचंही पुन्हा अर्धं. असं अर्ध्याचं अर्धं करत त्यांनी मला शुक्रवारी दुपारी साडेचारला, एका बारशातल्या गोड कुंद्याच्या वाटीपाशी आणून उभं केलं. औषध काही सांगितलं नाही. दोष सापडला की त्यांचा रस संपतो.

ही सवय त्यांना कामातून लागलेली. आप्पा एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत नोकरीला होते, आता निवृत्त झालेत. मूळचे खानापूर तालुक्यातले, भातशेतीच्या घरातले. लग्न केलं नाही. बेळगावात आमच्या शेजारी दोन खोल्यांत राहतात आणि दिवसभर कर्नल दुरुस्त करतात. आमचं गाव लष्कराचं. त्यामुळे माझी आई कित्येक वर्षं समजत होती, की ते कॅम्पातल्या कुणा कर्नलसाहेबांकडे आहेत आणि साहेबांची प्रकृती नाजूक आहे. एकदा तिनं साहेबांसाठी लिंबाचं लोणचं दिलं. आप्पांनी ते घेतलं, सावकाश संपवलं आणि बरणी धुऊन परत केली. खुलासा केला नाही.

मी मात्र एकदा स्पष्टच विचारलं, हा कर्नल म्हणजे नक्की काय?

"संगणकाच्या पोटातला पाटकरी रं त्यो," आप्पा म्हणाले. "कुणाच्या वाफ्यात किती पाणी सोडायचं, त्यो बघतोय. त्यो झोपला की सगळं रान वाळलं."

या कर्नलचा कोड, म्हणजे संगणकाला दिलेल्या हुकमांच्या ओळी, जगभरातली माणसं मिळून लिहितात आणि ईमेलवर एकमेकांच्या चुका काढतात. आप्पांनी एक ओळ सुधारून पाठवली, की तिकडून कुणीतरी परदेशी गृहस्थ लिहिणार, की ओळ बरोबर आहे, पण ती का बदलली याची वरची टीप नीट लिहा. टीप सुधारली की दुसरा गृहस्थ म्हणणार, आता ओळ तपासा. एकदा त्यांनी एकच दुरुस्ती नऊ वेळा पाठवली. मला राग आला असता. आप्पांना त्यात आपुलकी दिसे. लई बारकाईनं वाचतात बघ, असं कौतुकानं सांगत. खरं तर त्यांचं लिहिलेलं इतकं बारकाईनं वाचणारं दुसरं कोणी नव्हतंच.

दर रविवारी मात्र आप्पा सकाळच्या गाडीनं खानापूरला जात. तिथं कुसुमआक्का राहतात. आप्पांच्याच गावच्या, त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, जन्मापासून आंधळ्या. सरकारी ऑफिसात टेलिफोनवर नोकरी केली, आता निवृत्त. लहानपणी आप्पा त्यांना शाळेचे धडे वाचून दाखवत. पुढे आक्कांना कुठल्याशा संस्थेनं एक पट्टी दिली. संगणकाला जोडली की पडद्यावरची ओळ तिच्यावर ठिपक्यांनी उठते आणि बोटांनी वाचता येते. कर्नलची नवी आवृत्ती आली, की या पट्टीची अक्षरं गळायची. ती परत आणायची म्हणूनच आप्पा या कामात शिरले होते.

तीन वर्षांपूर्वी ईमेलवर प्रस्ताव आला, की ही पट्टी आता जगात कोणी वापरत नाही, तर तिचा कोड काढून टाकावा. गल्लीत कुणाशी कधी न भांडलेले आप्पा तिथं सहा आठवडे भांडले. वापरणारे किती, असं त्यांना विचारलं गेलं. त्यांनी लिहिलं, एक. त्या एका माणसासाठी हा कोड कोण सांभाळणार? त्यांनी लिहिलं, मी. कोड राहिला.

गेल्या वर्षी आक्कांच्या भाच्यानं त्यांना मोबाईल आणून दिला. तो मराठीतून सगळं वाचून दाखवतो. आक्का खूश झाल्या आणि आता पट्टी लागत न्हाय, असं त्यांनी एका रविवारी आप्पांना मोकळेपणानं सांगून टाकलं. सोमवारी आप्पांनी स्वतःच तो हजारभर ओळींचा कोड काढून टाकायची दुरुस्ती पाठवली. वापरणारं कोणी उरलेलं नाही, एवढीच टीप. ती पहिल्याच फटक्यात मंजूर झाली. कुणी एक स्वल्पविरामसुद्धा बदलायला सांगितला नाही. वर आभार मानले.

त्यानंतरचे दोन रविवार आप्पा घरीच होते. स्टोव्ह उघडून साफ केला, परत जोडला, परत उघडला. तिसऱ्या शनिवारी आक्कांचा फोन आला. पट्टी अडकलीया, म्हणाल्या. त्यांच्या संगणकावर जुनाच कर्नल होता, त्यामुळे तिथं ती अजून चालत असे.

मलाही खानापुरात काम होतं, म्हणून रविवारी सोबत गेलो. आप्पांनी टेबलामागे वाकून पाहिलं. पट्टीची वायर सरळ सरळ निघून लोंबत होती. मलाही दिसली. आप्पांनी तिला हात लावला नाही. खुर्ची ओढून बसले आणि दोन तास पडद्यावर जुना कोड वाचत राहिले. आक्का शेजारी बसून गावाकडचं काहीबाही विचारत होत्या. कुणाचं लग्न, कुणाची म्हैस. आप्पा न वळता उत्तरं देत होते.

जेवायला उठले तेव्हा आप्पा हात धुवायला मागे गेले. आक्का माझ्या बाजूला झुकून हळूच म्हणाल्या, "वायर मीच काढून ठेवलीया. त्याला सांगू नका. काम असल्याबिगर यायचा न्हाय त्यो."

परतीच्या गाडीत मी आप्पांना विचारलं, दोष सापडला का?

आप्पा खिडकीबाहेर बघत होते.

"न्हाय," ते म्हणाले. "लई खोलवर हाय. रविवारी परत याय लागंल."