मशीनच्या कपाळाला हळद

"बाबा, पूजा लवकर उरका. शेठला नांदेडला वापस जायचंय," प्रेमानंद तिसऱ्यांदा म्हणाला.

कुरुंद्याच्या बाहेर प्रेमानंदचा हळदपूड भरायचा कारखाना होता. तिथं नवी मशीन आली होती. काचेच्या खोलीत ती छताला कोळ्यासारखी लटकली होती, तीन बारीक हातांची. खालून काळा पट्टा सरकायचा. वरच्या कॅमेऱ्याला पट्ट्यावर पिवळं काही दिसलं, की चिमणीनं दाणा टिपावा तशी मशीन ते उचलायची आणि खोक्यात टाकायची. मिनिटाला दीडशे पुड्या! हात दिसायचेच नाहीत, नुसती भिरभिर दिसायची. नांदेडचे मोठे व्यापारी उत्तमसिंग हा वेग स्वतः मोजायला आले होते. त्यांना पटलं, तर वर्षभराचं काम प्रेमानंदला मिळणार होतं. नाही पटलं, तर मशीन नुसती लटकत राहणार होती.

पण प्रेमानंदचे वडील जळबा यांच्या घरी पूजेशिवाय फवारणीचा पंपसुद्धा कधी चालू झाला नव्हता. ते काचेच्या खोलीत शिरले. मशीनचं कपाळ कोणतं, ते काही कळेना. तेवढ्यात कॅमेऱ्याची गोल काच चमकली. जळबांनी पाण्यात कालवलेली हळद तिलाच मनापासून माखली. बाहेर येऊन त्यांनी सुपारी, खारीक, हळकुंड आणि खोबऱ्याच्या तुकड्यांचं ताट पट्ट्याच्या टोकावर ठेवलं.

"शेठ, हात जोडा."

उत्तमसिंगांनी मोबाईलमधलं घड्याळ आधीच चालू करून ठेवलं होतं. तो त्यांनी ताटाशेजारी ठेवला आणि डोळे मिटले. सगळ्यांनीच मिटले.

"हं, कर सुरू!" जळबा म्हणाले. प्रेमानंदनं मिटल्या डोळ्यांनीच बटण दाबलं.

डोळे उघडले तेव्हा ताट पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला पोचलं होतं. रिकामं.

"देवानं निवद घेतला रं!" जळबा गहिवरले.

"और मेरा मोबाईल?"

"काय तरी काम पडलं असंल देवाला."

प्रेमानंदनं वर पाहिलं. कॅमेऱ्याच्या हळद माखलेल्या काचेतून मशीनला सगळं जगच पिवळं दिसत होतं. मोबाईल खोक्यात गेला होता, आणि खोक्याला चिकटपट्टीही लागली होती. मशीन थांबवावी, तर शेठ म्हणणार, बंद पडली. म्हणून तो चालू मशीनपुढंच खोके फोडत बसला. तो एक खोका फोडी, तोवर मशीन चार भरी. मदतीला वाकताना जळबांनी आपली तंबाखूची चंची पट्ट्यावर ठेवली. तीही गेली.

"हे काहून करून राहिला तुमी?" पुड्या भरणाऱ्या बायांची म्होरकी निर्मलाबाई पुढं आली. तिनं सरळ लाल बटण दाबलं. "बसा आता समदे. ए पोरींनो, फोडा गं खोके!"

बाया गोल करून बसल्या. उत्तमसिंगही मांडी घालून बसले. प्रेमानंद मोबाईलला फोन लावत राहिला, पण तो मुका करून ठेवलेला होता. खोक्यांचा ढीग सरला, चंची सापडली, आणि अगदी तळच्या खोक्यातून मोबाईल निघाला. त्यातलं घड्याळ अजून चालूच होतं.

उत्तमसिंगांनी ते वाचलं. "प्रेमानंदजी, तुमची मशीन एका खोक्याला पाऊण तास घेते!"

प्रेमानंदची मान खाली गेली. पण निर्मलाबाई खोक्यातच बघत होती. हळदीची पुडी, हळकुंड, सुपारी, खारीक, खोबरं.

"अगं बाई, ही तर ओटीच भरून ठेवली की मेलीनं!"

उत्तमसिंगांनी खोका हातात घेतला. उलटापालटा करून पाहिला.

"लगीनसराई येऊन राहिली. मला असे ओटीचे खोके पाहिजेत. पुरी सराईभर."

प्रेमानंद उडालाच. "देतो की शेठ! मशीन मिनिटाला..."

"मशीन नको, भाई. मशीनच्या हातची ओटी कोण घेईल? बायांनी भरलेली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी निर्मलाबाईनं गावातून आणखी बाया आणल्या. जागा कमी पडली, तेव्हा तिनं काचेच्या खोलीचं दार उघडलं. मशीन तापू नये म्हणून तिथं एसी लावलेला होता. बाया आत ऐसपैस बसल्या. कोणी खोबऱ्याचे तुकडे करत होतं, कोणी सासूची नक्कल. एकीनं पिशवी कुठं ठेवावी म्हणून इकडंतिकडं पाहिलं आणि मशीनच्या एका हाताला अडकवून दिली.