चौदा किलोंचा जामीन

वजनमापे निरीक्षकांचे वजन चौदा किलोने घटले आणि त्यामुळे घरात जागेची टंचाई निर्माण झाली. शरीराने मोकळी केलेली जागा घराच्या काही कामाची नसते, हे आधी कोणाच्या लक्षात आले नव्हते. नव्या मापाचे कपडे शिवून आले, पण जुने कपाटातून हलेनात. सात पँट, दहा शर्ट आणि एक कोट. कपाटाचे दार लागेना म्हणून त्याला बाहेरून खुर्ची टेकवून ठेवली. आणि खुर्ची तिकडे गुंतल्यामुळे निरीक्षकांना रोज बूट घालायला पलंगाच्या काठावर बसावे लागू लागले.

"ट्रंकेत टाकते मी ते," बायको म्हणाली. "असू देत. लागतील."

"लागतील म्हणजे? मी परत जाड होणार आहे का?"

"असं कुठं म्हटलं मी? कपडे लागतील म्हटलं."

निरीक्षकांना हे फार झोंबले. वर्षभर त्यांनी पहाटे उठून चालणे केले होते, साखरेकडे पाठ फिरवली होती आणि दर रविवारी कचेरीतल्या काट्यावर उभे राहून आकडा वहीत लिहिला होता. घरातून कौतुकाचा एक शब्द म्हणून नाही. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, डॉक्टरांना दाखवून तरी या." मेहुणा म्हणाला, "भाऊजी, गाल गेले हो तुमचे." सव्वीस वर्षे निरीक्षकांनी दुसऱ्यांच्या काट्यांवर शिक्के मारले होते. आता आपल्याही वजनावर कोणीतरी एक शिक्का मारावा, हा माणूस पूर्वी जाड होता आणि आता नाही असे कुठेतरी लेखी असावे, एवढीच त्यांची इच्छा होती. ते ठरवून उठले आणि नगरपालिकेच्या जुने कपडे स्वीकृती केंद्राची वेळ बघून आले.

"पायरीवर गाठोडं ठेवायचं आणि निघून यायचं," बायको म्हणाली. "सगळे तेच करतात."

"बेवारस? मी सरकारी माणूस आहे. रीतसर अर्ज करीन आणि पोच घेईन."

इथेच घोडे पेंड खाणार होते, पण घोड्याला तसे कधी आधी कळत नाही.

केंद्रात खिडकी क्रमांक तीनमागे एक बाई बसल्या होत्या. एक चष्मा नाकावर होता, दुसरा केसांत.

"कारण?" बाईंनी विचारले.

"कसलं?"

"कपडे सोडण्याचं. मयत, स्थलांतर, की वजनघट?"

"वजनघट," निरीक्षक छाती पुढे काढून म्हणाले. पूर्वी कुठेही गेले तरी त्यांचे पोट आधी पोहोचत असे. छातीला ही संधी नव्यानेच मिळत होती.

बाईंनी पेन खाली ठेवले. "मयत असता तर पाच मिनिटांत झालं असतं."

"दिलगीर आहे."

"मयत माणसं कपडे परत मागायला येत नाहीत. वजनघटवाले येतात. शंभरातले त्र्याहत्तर." मागच्या फळ्यावर खडूने तो आकडा ठळक लिहिलेला होता. "गेल्या वर्षी एका गृहस्थांना बसथांब्यावर आपली पँट दुसऱ्याच्या अंगावर दिसली. त्यांनी ती तिथंच परत घेतली. तेव्हापासून नियम सात."

नियम सातखाली अपुनर्वृद्धी प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. अर्जदाराचे वजन पुन्हा वाढणार नाही, अशी हमी देणारे दोन जामीनदार हवे होते. त्यातला एक जोडीदार. वजन परत आल्यास जामीनदाराने स्वतःचे तितकेच जुने कपडे केंद्रात जमा करायचे होते, म्हणजे केंद्राच्या साठ्यात खोट येणार नाही. निरीक्षकांना नियम आवडला. त्यांनी स्वतः एकदा एका वाणीदादांचा काटा जप्त केला होता. काटा चार ग्रॅमनी चुकत होता, तोही गिऱ्हाइकाच्या बाजूने. वाणीदादा हात जोडून म्हणाले होते, "साहेब, नुकसान तर माझंच होतंय." निरीक्षक म्हणाले होते, "नियम म्हणजे नियम."

ते आधी मेहुण्याकडे गेले.

"भाऊजी, तुम्ही खून केला नाही असं मी कोर्टात शपथेवर सांगेन," मेहुणा कळवळून म्हणाला. "केला असलात तरी सांगेन. पण हे नको. मी तुम्हाला गोड खाताना पाहिलंय."

मग ते शिंप्याकडे गेले. वीस वर्षे त्यांचे माप शिंप्याच्या वहीत होते. त्यांच्या कमरेचा इतिहास त्याच्याइतका कोणाला ठाऊक नव्हता. शिंप्याने फॉर्म वाचला, टेप गळ्याभोवती दोनदा फिरवली आणि मान खाली घातली.

"सही केली असती हो. पण खोटं कसं लिहू? तुमच्या नव्या पँटींत मी आतून तीन इंच माया ठेवलीय. लागली तर उसवून वाढवायला."

"कोणी सांगितलं ठेवायला?"

"वहिनींनीच."

निरीक्षक घरी आले ते फणफणतच. नवी पँट उलटी करून त्यांनी बायकोपुढे धरली. शिवणीच्या आत तीन इंच कापड दुमडून बसले होते.

"म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही!"

"नाही," बायको म्हणाली. मग हातातले काम बाजूला ठेवून तिने सांगितले, "मागच्या वेळी असेच सगळे जुने कपडे देऊन टाकलेत. मग वजन परत आलं आणि नवे अंगावर फाटले. तीन दिवस तुम्ही चादर गुंडाळून खिडकीशी बसला होतात. जेवायलाही उठत नव्हता. मला तुमच्या वजनाचं काही नाही हो. ते तीन दिवस मला परत बघायचे नाहीत."

 काही सुचले नाही की माणूस कचेरीत जातो, तसे निरीक्षक दुसऱ्या दिवशी केंद्रात गेले.

"जामीनदार मागाहून आणा," बाई म्हणाल्या. "आधी मालकी सिद्ध करू. कपडे तुमचेच कशावरून?"

"माझेच आहेत."

"घालून दाखवा."

पडद्यामागे जाऊन निरीक्षकांनी जुनी पँट चढवली. बाहेर येऊन दोन्ही हात वर करून दाखवायला सांगण्यात आले. हात वर गेले आणि पँट खाली आली. बाईंनी शेरा लिहिला: कपडे अर्जदाराचे असल्याचे दिसून येत नाही.

निरीक्षकांनी घाईघाईने कचेरीचे जुने ओळखपत्र काढले. त्यावर दोन हनुवट्यांचा, गुबगुबीत, समाधानी माणूस होता.

"हे कोण?"

"मीच."

बाईंनी फोटो पाहिला, निरीक्षकांना पाहिले, चष्मा बदलून पुन्हा दोघांना पाहिले. "कपडे यांचे दिसतात खरे. यांना घेऊन या."

"अहो, हा मीच आहे!"

"मग त्यांनी येऊन तसं सांगावं."

निरीक्षकांनी शेवटचा हुकमी पत्ता काढला. वजनाची वही. बावन्न रविवार, बावन्न आकडे, शहाऐंशीपासून बहात्तरपर्यंत.

"काट्यावर शिक्का कोणाचा?"

"माझाच. या भागातला निरीक्षक मीच आहे."

"म्हणजे तुमचं वजन खरं असं तुमचंच म्हणणं. दुसऱ्या निरीक्षकाचा शिक्का आणा."

"या भागात दुसरा निरीक्षक नाही."

"मग या भागात तुमचं वजन खरं ठरवता येणार नाही," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता. निरीक्षकांना त्या स्थितीतही त्यांच्याबद्दल आदर वाटला. खिडकीच्या आत ते स्वतः असते तर त्यांनी अगदी हेच केले असते, कदाचित पडदाही दिला नसता.

निघताना बाईंना त्यांची दया आली. "हे बघा, फोटोतल्यासारखे होऊन एकदाच या. मालकीचा शिक्का मारून देते. तो कायमचा असतो. मग सावकाश बारीक व्हा, जामीनदार आणा, पोच घेऊन जा."

बोलणे इतके सरळ होते की त्यातली गोम निरीक्षकांना दिसली नाही. त्या संध्याकाळी त्यांनी जेवताना साखरेचा डबा जवळ ओढला.

"अहो, हे काय?" बायको दचकली.

"हे खाणं नाही. कागदपत्रं जमवणं आहे."

कागदपत्रे जमवणे चार महिने चालले. निरीक्षकांनी लोणी खाल्ले, तळलेले बटाटे खाल्ले, दुपारी केक खाल्ला. पहाटेचे चालणे बंद केले. चुकून चालणे झाले तर त्याची भरपाई खीर पिऊन केली. त्यात सुख कसले ते नव्हते. दर घासाला त्यांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा होई. एकदा सासूबाई येऊन गेल्या आणि म्हणाल्या, "आता कसं, तब्येत सुधारली." मेहुण्याने नुसतीच मान हलवली; त्याचा खुनाच्या खटल्यातला शब्द अजून कायम होता. बायको मात्र वाढता वाढता थांबे आणि त्यांच्याकडे बघत राही. एका शिक्क्यासाठी हा माणूस नको ते चार महिने गिळतो आहे, हे तिला दिसत होते.

चौथ्या महिन्याच्या अखेरीस जुन्या कोटाचे शेवटचे बटण लागले. सातही पँट कमरेवर बसल्या. निरीक्षक कोट घालून बाकीचे गाठोडे उचलून केंद्रात गेले आणि त्यांनी हात वर केले. पँट जागची हलली नाही.

बाईंनी अठरा कपड्यांवर धडाधड मालकीचे शिक्के मारले. निरीक्षकांच्या डोळ्यांत पाणी आले.

"आता कारण," बाई म्हणाल्या. "वजनघट लिहिलंय. कुठाय घट?"

"ती आता पुन्हा करायची आहे. तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणाले होते. पण अर्ज जामीनदाराशिवाय चालू ठेवता येत नाही. जामीनदार आहे का कोणी?"

निरीक्षकांनी हताश होऊन कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. तिथे घडी केलेला फॉर्म होता. जोडीदाराच्या रकान्यात बायकोची सही होती, आणि खाली तिने लिहिले होते: "ज्याने फॉर्मसाठी चौदा किलो मिळवले, तो ते घालवीलही. माझा विश्वास आहे." तारीख कालचीच होती.

निरीक्षकांनी ते दोनदा वाचले. तिसऱ्यांदा वाचण्याआधी बाईंनी फॉर्म ओढून घेतला.

"काल हमी दिली आणि आज वजन परत आलेलं आहे," त्या म्हणाल्या. "नियम सात. जामीनदाराने अठरा कपडे जमा करावेत." मग उठून त्यांनी फळ्यावरचा त्र्याहत्तर पुसला आणि तिथे चौऱ्याहत्तर लिहिला.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक आणि बायको दोघे आपापले गाठोडे घेऊन केंद्रात आले. निघण्याआधी घरी बायकोने कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा उघडला, तेव्हा तो एवढा भरलेला असेल असे निरीक्षकांना वाटले नव्हते. कपाटाचे दार लागत नव्हते ते केवळ त्यांच्या पँटींमुळे नव्हे. लहान मापाचे, नीट इस्त्री केलेले अठरा कपडे चोवीस वर्षे तिथे होते. तिने ते कोणाला दिले नव्हते आणि त्याबद्दल कधी कोणाला बोललीही नव्हती.

बाईंनी वरचा पिवळा ड्रेस उचलून उजेडात धरला. "कोणाचा?"

"माझा," बायको म्हणाली.

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिले. ड्रेसची कंबर त्यांच्या दोन वितींत मावत होती. "यातल्या मुलीला घेऊन या."

बायकोने ड्रेससाठी हात पुढे केला. निरीक्षक मात्र खिडकीवर हात आपटून ओरडले. सव्वीस वर्षांत ते कोणत्याही खिडकीवर ओरडले नव्हते.

"मी सांगतो ना! या ड्रेसमध्ये मी हिला पहिल्यांदा पाहिलंय. वाचनालयाच्या जिन्यात. हातात सात पुस्तकं होती आणि वरचं पडलं. मी उचलून दिलं. ती मुलगी हीच आहे. मी हमी देतो, लिहून घ्या!"

"तुमची हमी चालणार नाही. तुमचं स्वतःचं वजन खरं ठरलेलं नाही."

"अहो, पण ही माझी बायको आहे!"

"नियम म्हणजे नियम," बाई म्हणाल्या.

निरीक्षकांना वाणीदादांचे जोडलेले हात आठवले आणि त्यांची मान खाली गेली. बायकोने पिवळा ड्रेस परत घेतला, त्याची घडी पुन्हा पहिल्यासारखी घातली आणि गाठोडे बांधले.

"चला हो घरी. असू देत," ती म्हणाली. "लागतील."

कधी, असे निरीक्षकांनी विचारले नाही. त्यांनी दोन्ही गाठोडी आपल्याच खांद्यावर घेतली.

"रांग अडवू नका. पुढचे!" बाई म्हणाल्या.

पुढचे म्हणजे तुम्ही. इकडेतिकडे बघू नका, मघापासून मागे उभे राहून हसत होतात ते तुम्हीच. गाठोडे कट्ट्यावर ठेवा. मयत नसाल तर कारण सांगा. आणि फोटोतले ते कोण, त्यांना सोबत आणले आहे ना?