झिपररावांची उत्तम प्रकृती

एका जंगलात, बाळांनो, मध मुबलक होता आणि अक्कल बेताची. तिथल्या कचेरीत झिपरराव नावाचे एक अस्वल हेडक्लार्क होते. त्यांना मधुमेह होता, रक्तदाब होता आणि दोन्हींचा थोडा अभिमानही होता.

सिंहमहाराजांनी सगळ्या आजाऱ्यांना मोबाइल वाटले. मोबाइल पावलं मोजायचा. रक्ताचा थेंब सोबतच्या यंत्रावर ठेवला, दंडाला पट्टा गुंडाळला, की आकडे थेट तळ्याकाठी डॉक्टर बगळ्यांकडे जायचे. सोय खरंच चांगली होती. पण महाराजांना स्वस्थ बसवेना. त्यांनी फर्मान काढलं, "ज्याचे आकडे वाईट, त्याचा मध बंद."

झिपररावांनी हाताखालच्या हरणाला बोलावलं.

"तुझं प्रमोशन अडलंय ना रे?"

"हो साहेब."

"मग हा मोबाइल गळ्यात बांध. थेंब तुझा, पट्टा तुझ्या पायाला, नाव माझं."

हरीण रानभर पळू लागलं. झिपरराव झाडाखाली बसून पोळं चाटू लागले. कचेरीतली कामं तशीच पडून राहिली, पण ती आधीही पडूनच असत.

आकडे बघून डॉक्टर बगळे खूश झाले. त्यांनी गोळ्या बंदच करून टाकल्या. गोळ्या तेवढ्या झिपरराव नेमाने घेत होते, त्याही सुटल्या.

मग त्यांच्या पायात काटा रुतला. मधुमेहाने पाय इतका बधिर झाला होता, की त्यांना कळलंच नाही. जखम चिघळली तेव्हा त्यांची बायको भुरीबाई त्यांना ओढतच तळ्यावर घेऊन गेली.

"डॉक्टर, ह्यांचा पाय बघा हो. वास येतोय."

बगळ्यांनी मान वर केली नाही. "पाय कशाला? आकडे आलेत की माझ्याकडे. इतका निरोगी पेशंट मी आजवर पाहिला नाही."

"अजूनही पाहिला नाहीत तुम्ही," भुरीबाई म्हणाली.

ती हरणाचं सांगणार, तोच झिपररावांनी तिला कोपराने ढोसलं. "गप्प बस. मध बंद होईल."

ती गप्प बसली. मला तिचा राग येतो. झिपररावांचा तर येतोच, आणि त्या बगळ्याचं नावसुद्धा काढावंसं वाटत नाही.

शेवटी पाय कापावा लागला.

दुसऱ्या दिवशी सिंहमहाराज हार घेऊन दवाखान्यात आले. बगळ्यांनी मोबाइल बघून खणखणीत आवाजात जाहीर केलं, "काल जंगलात सर्वांत जास्त चालले ते आपले झिपरराव."

टाळ्या पडल्या. हार घ्यायला झिपरराव अभिमानाने उठले आणि आडवे झाले. टाळ्या मात्र चालूच राहिल्या.

तात्पर्य : बाळांनो, डॉक्टरांकडे जाताना मोबाइल न्यायला विसरू नये. पेशंट घरी राहिला तरी चालतो.