नऊ सेकंदांचा विक्रम

आग विझवण्यात हेडक्लार्कांचा हात धरणारं ऑफिसात कोणी नव्हतं. "नळकांडं उचललं, पिन काढली, दांडा दाबला, फुस्स," असं तोंडाने म्हणत ते नऊ सेकंदांत मोकळे होत. पिन खरोखर काढायची नाही, कारण मग नळकांडं भरायला पाठवावं लागतं आणि तो व्याप साहेबांना नको होता. सहा वर्षं, दर तीन महिन्यांनी, प्रशिक्षणात सगळ्यांनी हेच घोटलं होतं.

त्या शुक्रवारी हेडक्लार्क स्वतःचंच सेवापुस्तक पेन्शनच्या कचेरीला धाडत होते. चौतीस वर्षांची नोकरी त्या एका वहीत होती आणि तिची दुसरी प्रत नव्हती. पाकिटावर लाखेचा ठसा मारून त्यांनी काडी कागदाच्या टोपलीत टाकली. काडी विझली नव्हती. बघता बघता टोपली पेटली आणि ज्वाळा टेबलाच्या कडेवरल्या पाकिटापर्यंत पोचली.

"आग," टायपिस्ट बाई म्हणाल्या आणि सवयीने घड्याळाकडे बघू लागल्या.

हेडक्लार्कांनी झेप घेतली. "नळकांडं उचललं, पिन काढली, दांडा दाबला, फुस्स." मग नळकांडं खुंटीला अडकवून त्यांनी रजिस्टरवर सही ठोकली.

"आठ सेकंद," बाई म्हणाल्या. "स्वतःचाच विक्रम मोडलात की हो."

टाळ्या पडल्या.

"पण हे अजून पेटलेलंच दिसतंय," साहेब म्हणाले.

"पुन्हा करतो, साहेब." त्यांनी पुन्हा केलं, फुस्स जरा मोठ्याने म्हटलं. पाकिटाचा कोपरा काळा पडत होता. बिचाऱ्यांचे हात मात्र शिकवल्यासारखेच चालत होते.

फरशी पुसणाऱ्या मावशी कंत्राटी, म्हणून त्यांना प्रशिक्षणाला कधी बोलावलंच नव्हतं. "सरका बरं जरा," म्हणत त्यांनी बादली टोपलीत उपडी केली आणि ओलं फडकं पाकिटावर दाबलं.

हेडक्लार्कांनी पाकीट फोडलं. आतली वही धडधाकट होती. ती छातीशी धरून ते खुर्चीत बसले आणि डोळे पुसत कितीतरी वेळ हसत राहिले.

"मावशी, चौतीस वर्षं वाचवलीत माझी."

"त्यात काय? पेटलं होतं, विझवलं."

साहेबांच्याही जिवात जीव आला. "यापुढे प्रशिक्षण मावशीच देतील," त्यांनी जाहीर केलं.

सोमवारी सगळे रांगेत उभे राहिले. पहिला नंबर हेडक्लार्कांचा. त्यांनी दोन्ही हातांनी भरलेली बादली उचलली.

"अहो, थांबा," मावशी म्हणाल्या. "आत्ताच फरशी पुसलीय मी. ओतलं असं नुसतं तोंडाने म्हणा."

हेडक्लार्कांना अगदी हायसं वाटलं. पाच सेकंदांत ते मोकळे झाले.