पेटीतली विहीर

नात दीपमालाचं लग्न झालं, ते साल दोन हजार बारा. कापसाचा भाव असा पडला होता, की मांडवात पाहुणे नवरदेवाआधी भावाचीच चौकशी करत होते. त्याच मांडवात तिच्या आजानं, उकंडानं, छाती ठोकून सांगितलं, "यंदा जयंतीले महागावात असा गाईन, का आवाज केळापूरले ऐकू जाईन!"

आवाज? तो तर दातांबरोबरच गेला होता! कवळी घातली की थोडा यायचा, तोही पंक्चर भोंग्यासारखा. जयंती मंडळाच्या प्रफुल्लनं बजावून ठेवलं होतं: यंदा मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही, तर उकंडाचा पहिल्या गाण्याचा मान दुसऱ्या गवयाला, रामधनला.

उकंडाला आधार एकच, गावाबाहेरची कोरडी विहीर. तिच्या पायऱ्यांवर बसून तो रियाज करायचा. तिथं तो अजून वाघ होता!

"विहीर महागावले कशी नेऊ बे?" त्यानं भाच्याला विचारलं. भाचा इंद्रजित दिग्रसला अॅम्प्लिफायर दुरुस्त करायचा.

"पेटीत भरून, मामा!"

इंद्रजितनं माइक आणि भोंग्याच्या मधे जोडून पायाशी ठेवायची एक पेटी आणली. आत हवे ते सुटे भाग जोडायचे, आणि आवाजाचं काय करायचं ते कॉम्प्युटरवर लिहून पेटीत भरायचं. उकंडानं पेटी उलटून पाहिली, हलवून पाहिली, हुंगूनही पाहिली. एवढीशीत विहीर?

दोघं विहिरीवर गेले. इंद्रजितनं टाळी वाजवली.

"ऐका. टाळी भिंतीवर आपटून परत येते, पुन्हा आपटते. पेटीले मी तेच शिकवून राह्यलो. आवाज फिरवायचा, अन् दर फेरीले थोडा कमी करायचा."

"कमी काहून?"

"नाही तर तो मरणारच नाही ना, मामा!"

"मरू कायले द्यायचा?" उकंडा भडकला. "जिनिंगवर कापूस मोजताना घट कापतात, आता माह्या आवाजातही घट?"

जयंतीच्या दिवशी इंद्रजित चहाला गेला आणि उकंडानं वाकून पेटीवरचं ते दर फेरीला आवाज कमी करायचं बटण पार शेवटाला फिरवलं. घट बंद!

मंडप भरला. उकंडा माइकपुढे उभा राहतो तोच त्याची बायको कांताबाई धावत आली.

"अहो, दात घातले का जी?"

भोंगा म्हणाला, "दात घातले का जी?" पुन्हा म्हणाला. पुन्हा!

"घातले ना वं!" उकंडा खेकसला. तेही पेटीत गेलं.

"दात घातले का जी? घातले ना वं! दात घातले का जी?" तोंडं मिटलेली, आणि भांडण जोरात! कांताबाईनं पदर तोंडात कोंबला, तरी तिचाच आवाज! रामधनच्या ढोलकीवाल्यानं तर त्यावर ठेकाच धरला.

इंद्रजित कपबशीसकट धावला. "मामा, बटण कोणं फिरवलं?"

"घट बंद केली म्या!"

तेही घुमायला लागलं. शेवटी इंद्रजितनं वायरच उपटली. माइकही गेला.

मंडप चिडीचूप. आता काय होतं म्हणून लोक श्वास रोखून बसले. त्या शांततेत उकंडानं आपल्या फाटक्या आवाजात गाणं म्हटलं. मागच्या रांगेत शब्द न् शब्द पोचला.

प्रफुल्ल डोळे पुसत म्हणाला, "तात्या, मान तुमचाच. पण पुढल्या वर्षी ते दाताचं आधी म्हणा!"

उकंडा दोन हजार सोळाच्या पोळ्याला, सकाळी वारला. दात घातलेले होते.