मख्ख प्रेक्षकांसाठी स्वगत

दादरला गाजलेलं नाटक आपल्या सांडोर गावातही करायचं, असं प्रल्हादने ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली.

नाटक साधंसुधं नव्हे हो, प्रायोगिक! पडदा नाही, रंगमंच नाही. प्रेक्षक सतरंजीवर आणि नट त्यांच्या मांडीला मांडी लावून. प्रल्हाद दारुडा नवरा, संजना त्याची बायको. त्याने तिच्यावर हात उगारायचा, प्रेक्षकांनी मख्खपणे बघत राहायचं, आणि मग एकदम त्यांच्याकडे वळून प्रल्हादने गरजायचं, "गप्प का बसलात? लाज नाही वाटत?" पुढे लांबलचक स्वगत. दादरला ते ऐकून लोकांनी माना खाली घातल्या होत्या. (शरमेने, असं दिग्दर्शक सुमेधचं मत. एक-दोघं घोरत होते, ते सोडा.) हे स्वगत एकदा गावाने ऐकावं, यासाठी प्रल्हादचा जीव नुसता तळमळत होता. त्याच्या खऱ्या बायकोने, आशालतानेही घरोघर सांगितलं होतं, "आमचे हे हीरो आहेत!" त्यामुळे केबलवरचा सिनेमा सोडून लोक आले होते.

प्रयोग सुरू झाला. प्रल्हादने शिवी हासडली, हात उगारला...

"खाली घे तो हात!"

शेजारच्या आग्नेसमावशी उठून उभ्या!

"मावशी, नाटक आहे," प्रल्हाद कुजबुजला.

"असेल. माझ्यासमोर नाही चालायचं."

त्यांनी संजनाला ओढून आपल्याजवळ बसवलं, पाणी पाजलं. पुढेच बसलेल्या गावातल्या सॅन्टनने प्रल्हादची बाटली हिसकावली. (आत काळा चहा निघाला, तेव्हा बिचाऱ्याचा हिरमोड झाला.)

सुमेधने कपाळावर हात मारला. "अहो, तुम्ही गप्प बसायचं असतं! नाहीतर 'गप्प का बसलात' हे त्याने विचारायचं कुणाला?"

"बरं बाबा, बसतो," मावशी म्हणाल्या. "पण आधी याने तिची माफी मागायची."

प्रल्हादने मुकाट्याने कान पकडले. "चुकलो. पुन्हा नाही होणार." टाळ्यांचा कडकडाट! मग सगळे शहाण्या मुलांसारखे गप्प बसले.

प्रल्हादने श्वास भरून घेतला, एकेका चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो थबकला. या माणसांना लाज कशाची वाटायची? अभिमानाने त्याचा ऊर भरून आला. "हे माझं गाव," एवढंच तो म्हणाला आणि हात जोडले. स्वगत राहिलं ते राहिलंच.

निघताना सॅन्टन आशालताला म्हणाला, "वहिनी, दारुडा काही यांना जमला नाही. पण माफी काय मागितली! एकदम नॅचरल!"

आशालता फुलून गेली.

"मग! त्याची तालीम आमच्या घरी रोज असते."